नाव एकाचे, पत्रा दुसऱ्याचा

जुन्या ट्रंकेतून आजोबा-पणजोबांच्या काळातले खेळण्यातले आगगाडीचे इंजिन निघाले, की घरातला प्रत्येक जण आधी त्यावरची अक्षरे वाचतो. टेंडरच्या अंगावर सोनेरी अक्षरांत ‘एल.एम.एस.’ ही एका ब्रिटिश रेल्वे कंपनीची खूण असते, चाकांवरच्या कमानीत एखाद्या राजपुत्राचे नाव असते, कॅबच्या बाजूला चार आकडी क्रमांक असतो. या तीन धाग्यांवरून शोध सुरू होतो आणि बहुतेक वेळा भलत्याच गावी जाऊन थांबतो. याचे कारण शोधणाऱ्याच्या अज्ञानात नाही, या धंद्याच्या घडणीत आहे. साधारण 1890 ते 1940 या काळात युरोपात जी खेळण्यातली इंजिने घडली, त्यांच्यावरचे लिखाण प्रामुख्याने एकच गोष्ट सांगते: हा माल कोणत्या देशातल्या, कोणत्या गिऱ्हाइकासाठी रंगवला होता. तो कोणी घडवला आणि केव्हा घडवला, हे कळायचे तर पत्रा, सांधे, चाके आणि पोटातले यंत्र पाहावे लागते. म्हणून इंजिन आधी उलटे करावे, खालून वर वाचत जावे आणि नावाच्या पट्टीकडे सर्वांत शेवटी यावे.

या धंद्याचे माहेर दक्षिण जर्मनी. ग्योपिंगेन गावी थिओडोर मेर्कलिन या पत्राकामाच्या कारागिराने 1859 साली बाहुलीघरातली भांडीकुंडी बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्याच्या मुलांनी 1891 च्या लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह आगगाडी मांडली, आणि रुळांच्या रुंदीला ठरावीक क्रमांक दिले. खेळण्यातल्या गाड्या त्याआधीही होत्या, पण त्या बहुतेक जमिनीवरून ओढायच्या किंवा एकट्याच धावायच्या. रुंदी ठरल्यावर मात्र यंदा इंजिन, पुढच्या नाताळला दोन डबे, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन, अशी हप्त्याहप्त्याने विक्री करता येऊ लागली. इतर कारखान्यांनीही तीच मापे उचलली. त्यामुळे आज ओळखीची पहिली पायरी मोजपट्टी हीच आहे. रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर एक नंबर गेजमध्ये 45 मिलिमीटर, शून्य गेजमध्ये 32, आणि पुढे आलेल्या टेबलावरच्या छोट्या गाड्यांत 16.5. रूळ हाती नसतील तर चाकांच्या आतल्या पाठी मोजाव्यात. ते माप गेजपेक्षा थोडे कमी भरते. मेर्कलिनची मूळ मापे रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलेली होती. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने 1906 मध्ये आणलेले सव्वादोन इंचांहून किंचित कमी रुंदीचे ‘स्टँडर्ड गेज’ हे मापाच्या याच घोटाळ्यातून जन्मले, असे मानले जाते. इतर कोणाच्याही रुळांवर न बसणाऱ्या या मापाला ‘स्टँडर्ड’ म्हणण्याचे धाडस कंपनीने केले आणि ते खपलेही.

मेर्कलिनपेक्षाही मोठा पसारा न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंचा होता. एके काळी जगातला सर्वांत मोठा खेळण्यांचा कारखाना त्यांचा मानला जाई. नाव आणि पत्रा यांची फारकत इथे सुरू होते. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनचा वेनमन जोसेफ बॅसेट-लोक हा तरुण 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात जर्मन कारखानदारांना भेटला. त्यांच्या कामातली सफाई त्याला आवडली, पण गाड्यांचे रूप जर्मन. इंग्रज मुलाला रोज दिसणाऱ्या इंजिनासारखे ते नव्हते. त्याने बिंगकडून ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या धाटणीची इंजिने करून घ्यायला सुरुवात केली. ‘ब्लॅक प्रिन्स’ हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीच्या काळ्या रंगातले इंजिन त्यांतले अगदी पहिल्यांपैकी. आराखडे हेन्री ग्रीन्लीसारख्या इंग्रज जाणकाराचे, पत्रा न्यूरेंबर्गचा, विक्री नॉर्दॅम्प्टनची. न्यूरेंबर्गमध्येच जॉर्ज कॅरेट या फ्रेंच माणसाचा कारखाना होता, त्याचाही माल याच वाटेने इंग्लंडला जाई. लंडनचे गॅमेज हे मोठे दुकान बिंगच्या गाड्या आपल्या कॅटलॉगमधून विके. एकाच साच्यातून निघालेला पत्रा इंग्लंडसाठी काळा, तांबडा किंवा हिरवा होई आणि युरोपातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तिसऱ्याच रंगात जाई. मुलाला आपल्या गावावरून जाणारी गाडी हवी असे, आणि कारखान्याला ती पुरवायला रंगाचे डबे आणि अक्षरांचे ठसे बदलणे पुरेसे होते.

लिखाण गिऱ्हाइकाचे असते, याचे टोकाचे उदाहरण मराठी वाचकाला परके नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी धावे आणि पाहुण्यांपुढे मद्य नि चिरूट नेई. तिच्या सात डब्यांवर एकेक करून ‘सिंदिया’ नावाची सात इंग्रजी अक्षरे आहेत. ती अक्षरे वाचून गाडी ग्वाल्हेरला घडली असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. पण ‘एल.एम.एस.’ वाचून इंजिन इंग्लंडमध्ये घडले असा निष्कर्ष आपण सहज काढतो, आणि दोन्हींतला तर्क तंतोतंत एकच आहे.

यावर लगेच विचारले जाईल, की मग अस्सल ब्रिटिश कारखान्यांचे काय? फ्रँक हॉर्नबीने लिव्हरपूलमध्ये 1901 साली मेकॅनोचे पेटंट घेतले आणि 1920 साली गाड्या आणल्या. त्या तर ब्रिटिश बनावटीच्या म्हणूनच जाहिरातींतून गाजल्या. (मुंबईकरांच्या मनातला हॉर्नबी रोड अठराव्या शतकातल्या विल्यम हॉर्नबी या गव्हर्नरच्या नावाचा, त्याचा या आगगाड्यांशी संबंध नाही.) हॉर्नबीच्या इंजिनावर तरी लिखाणाला प्रमाण मानावे की नाही? मानू नये. सुरुवातीच्या नंबर एक इंजिनांवर 2710 हा क्रमांक असलेली पितळी पट्टी बसवलेली आढळते, आणि इंजिन काळे असो, तांबडे असो वा हिरवे, क्रमांक तोच. तीन वेगळ्या रेल्वे कंपन्यांनी एकाच क्रमांकाचे इंजिन चालवले असे कसे होईल? तो क्रमांक रेल्वेचा नव्हताच, कारखान्याचा होता. त्याहून बोलके उदाहरण नंबर तीन इंजिनांचे. 1926 मध्ये हॉर्नबीने फ्रान्सच्या नॉर्द रेल्वेच्या रूपातले एक इंजिन ‘रिव्हिएरा ब्लू ट्रेन’साठी काढले. लवकरच त्याच घडणीवर चार ब्रिटिश नावे चढली: रॉयल स्कॉट, फ्लाइंग स्कॉट्समन, कॅरफिली कॅसल आणि लॉर्ड नेल्सन. या चार नावांची खरी इंजिने चार कंपन्यांची, एकमेकांसारखी न दिसणारी. त्यांतल्या कोणाचीही चाकांची मांडणी 4-4-2 (पुढची आधाराची, मधली चालक आणि मागची आधाराची चाके, या क्रमाने) नव्हती. फ्लाइंग स्कॉट्समन 4-6-2 आणि बाकीची तिन्ही 4-6-0. खेळण्यात मात्र चौघांच्या खाली तेच 4-4-2. असे इंजिन वारशात आले आणि कोणी खऱ्या फ्लाइंग स्कॉट्समनची छायाचित्रे समोर ठेवून ते जुळवू लागला, तर हे खोटे आहे किंवा याची चाके हरवली आहेत असाच त्याचा ग्रह होईल. बॅसेट-लोकच्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ या इंजिनावर तर 1927 हा क्रमांक होता, म्हणजे ते बाजारात आले ते सालच. त्याला शोभेल असे खरे इंजिन कोणत्याच रेल्वेकडे नव्हते. अमेरिकेत आणखी वेगळी रीत: लायोनेलच्या कितीतरी इंजिनांच्या अंगावरचा आकडा हा सरळ कंपनीच्या कॅटलॉगमधला विक्रीक्रमांक असतो. म्हणजे क्रमांक कधी खऱ्या इंजिनाचा, कधी कारखान्याचा, कधी सालाचा, कधी दुकानाचा. कोणता ते इंजिन कोणाचे हे आधी ठरल्याशिवाय सांगता येत नाही, आणि जे ठरवायचे आहे तेच गृहीत धरून पुरावा वाचणे याला अर्थ नाही.

पत्रा असा दुटप्पी बोलत नाही. सर्वांत आधी सांधे पाहावेत. जर्मन कारखान्यांतली जुनी, महाग इंजिने डाक देऊन जोडलेली आणि हाताने रंगवून भट्टीत पक्की केलेली असतात. रंगाचा थर जाड, रेषा हाताने ओढलेल्या. स्वस्त मालात पत्र्यावर आधीच रंगीत छपाई करून मग तो कापला-वाकवला जाई, आणि एका तुकड्याच्या छोट्या जिभा दुसऱ्याच्या फटींतून काढून दुमडल्या जात. अशा इंजिनावर रिव्हेट, झडपा, कधी कधी हँडलसुद्धा छापलेले असते. बोट फिरवले तर सपाट लागते. हॉर्नबीची 1920 ची पहिली इंजिने याहून वेगळी, नट-बोल्टांनी जोडलेली, कारण ती मेकॅनोसारखी उलगडून पुन्हा जुळवता यावीत ही मूळ कल्पना होती. तीसच्या दशकात जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग वाढले. त्या धातूत शिशाची भेसळ राहिली तर तो वर्षानुवर्षे आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी हातात भुगा येतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या चाकांवर दिसणाऱ्या बारीक भेगा त्यामुळे नुकसानीची खूण असतातच, पण काळाचीही असतात.

यंत्राची साक्षही अशीच. चावीचे भोक कोणत्या बाजूला आहे, ब्रेक आणि उलट-सुलट चालीच्या दांड्या कॅबमधून कशा बाहेर येतात, हे कारखान्यागणिक वेगळे आणि बरेच स्थिर असते. विजेच्या इंजिनात पोटाखाली मधल्या रुळाला टेकणारी पट्टी किंवा चकती असली तर गाडी तीन रुळांची. 16.5 मिलिमीटरच्या छोट्या गाड्यांत हा धागा फार उपयोगी पडतो. 1935 मध्ये ट्रिक्स आणि मेर्कलिन यांनी ही मापे बाजारात रुजवली, 1938 मध्ये हॉर्नबीने ‘डब्लो’ आणली. युरोपात प्रमाण 1:87, ब्रिटनमध्ये 1:76. ब्रिटिश बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे तिथली खरी इंजिनेच आटोपशीर. 1:87 मध्ये त्यांच्या पोटात त्या वेळची मोटर मावेना. मग रूळ तेच ठेवून वरचे अंग मोठे केले. हिशेब केला तर 1:76 च्या इंजिनाखालचे रूळ खऱ्या 1435 मिलिमीटरऐवजी सुमारे 1257 चे भरतात, म्हणजे ब्रिटनने आपल्या सगळ्या छोट्या गाड्या अरुंद रुळांवर चालवल्या. तेव्हा छोट्या इंजिनाचे अंग चाकांच्या मानाने ऐसपैस दिसले, तर ते ब्रिटिश बाजारासाठीचे असण्याची शक्यता मोठी. डब्लोचे इंजिन दोन रुळांचे निघाले तर ते 1959 मध्ये ती पद्धत येण्यापूर्वीचे नाही, मग अंगावर नाव काहीही असो.

आता या मताविरुद्धचा पहिला गंभीर आक्षेप. कारखान्यांचे स्वतःचे शिक्के होते की! बिंगचा ‘जी.बी.एन.’, पहिल्या महायुद्धानंतर कंपनीचे नाव बदलल्यावर ‘बी.डब्ल्यू.’, कॅरेटचा, मेर्कलिनचा, कार्ल बुबचा वेगवेगळा शिक्का. तेही लिखाणच, आणि ते तर घडवणाऱ्याचे नाव सांगते. हे खरे आहे, आणि शिक्का मिळाला तर आनंदच. पण शिक्का असण्या-नसण्यामागे व्यापाराचे हिशेब आणि कायदा होता. ब्रिटनच्या 1887 च्या कायद्याने परदेशी मालावर ब्रिटिश व्यापाऱ्याचे नाव असेल तर मूळ देशाचा उल्लेख आवश्यक केला. नावच नसेल तर तो प्रश्न तितका आड येत नसे. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सरसकट मागितले. म्हणून एकाच कारखान्याचा माल अमेरिकेला गेला तर देश सांगतो, घरच्या बाजारात राहिला तर गप्प बसतो. 1914 नंतर तर इंग्लंडमध्ये जर्मन नाव मिरवण्यात विक्रेत्याला फायदा उरला नाही. ‘डी.आर.जी.एम.’ ही अक्षरेही वारंवार फसवतात. अनेकांना तो कारखाना वाटतो. प्रत्यक्षात ती जर्मन नोंदणीची खूण आहे, कोणत्याही कारखान्याच्या मालावर असू शकते. तेव्हा शिक्का हा पुरावा आहे, पण शिक्का नाही म्हणजे अमुक कारखान्याचे नाही, हा युक्तिवाद चालत नाही. सांधा मात्र असा असून-नसून होत नाही; जोडलेली वस्तू कुठे तरी जोडलेली असतेच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही: पत्र्याचीही नक्कल होते आणि साचेही विकले जातात. हॉर्नबीने 1920 साली नट-बोल्टांच्या गाडीबरोबरच एक स्वस्त छापील गाडी आणली, ती बिंगच्या गाडीच्या धर्तीवर, 2663 हा ‘जॉर्ज द फिफ्थ’चा क्रमांक घेऊन. इतका अभिमानाने ब्रिटिश म्हणवणारा कारखाना सुरुवातीलाच जर्मन वळण गिरवतो, यात थोडी गंमत आहे. पण नक्कल रूपाची होते. दुसऱ्याचा पत्रा पाहून त्याची आकृती काढता येते. त्याच्या कारखान्यातली ठोकयंत्रे, फटींची जागा, यंत्राच्या चौकटीतली भोके जशीच्या तशी येत नाहीत, आणि आणण्याची कोणाला गरजही नसते. साच्यांचे स्थलांतर मात्र खरोखर गुंता करते. कॅरेटचा कारखाना पहिल्या महायुद्धात बंद पडल्यावर त्याची काही अवजारे बॅसेट-लोककडे गेली. बिंग 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बुडाले तेव्हा त्यांची आगगाड्यांची सामग्री बुबकडे आली. 1964 मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स बंधूंनी घेतली आणि डब्लोचे साचे पुढे रेन कंपनीकडे गेले. तीच ओतीव इंजिने नव्या नावाने नव्या खोक्यांत विकली गेली. अमेरिकेत 1928 साली आइव्ह्ज कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर लायोनेल आणि अमेरिकन फ्लायर यांनी ती मिळून घेतली, आणि मधल्या काही वर्षांत आइव्ह्जची पट्टी लावलेल्या गाड्यांखाली कधी लायोनेलचा तर कधी फ्लायरचा सांगाडा निघतो. इथे पत्रा एक कारखाना सांगतो, पट्टी दुसरा, आणि दोघेही खरे असतात. पण हा गुंता लक्षात कशामुळे येतो? पट्टी आणि पत्रा जुळत नाहीत म्हणूनच. फक्त पट्टी वाचणाऱ्याला तो दिसतही नाही.

तिसरा आक्षेप घरातूनच येतो. आजोबा जी.आय.पी. रेल्वेत होते, त्यांनी हे इंजिन 1935 साली मुलासाठी आणले, असे आजी सांगत. मग आणखी शोध कशाला? आठवणीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण आठवण प्रसंग जपते, वस्तू नाही. इंजिन दुकानातल्या जुन्या मालातले असेल, दुसऱ्याने वापरलेले असेल, किंवा मोडलेल्या पहिल्या इंजिनाच्या जागी नंतर आलेले असेल. इथे रंगाची साक्ष उपयोगी पडते, मात्र एकाच दिशेने. ब्रिटनमधल्या शंभरावर रेल्वे कंपन्या 1 जानेवारी 1923 रोजी चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या, आणि 1 जानेवारी 1948 रोजी त्या चौघींची सरकारी ब्रिटिश रेल्वे झाली. एल.एम.एस. ही त्या चौघींपैकी एक. म्हणून तिची अक्षरे असलेले इंजिन 1923 पूर्वी रंगलेले नाही, आणि ब्रिटिश रेल्वेचे बोधचिन्ह असलेले इंजिन 1935 साली कोणीही आणू शकत नाही. उलट दिशेने हा नियम लागत नाही: जुन्या कंपनीचा रंग नव्या काळातही विकला जाई, कारण गोदामातला माल टाकून देणारा व्यापारी दुर्मीळ. खोक्याचेही तसेच. काही खोक्यांच्या कडेला छपाईचा महिना आणि साल बारीक अक्षरांत सापडते, पण ते खोक्याचे वय असते.

राहिला प्रश्न डागडुजीचा: चाके बदललेली, रंग नवा, मोटर दुसऱ्याची. अशा वेळी पत्र्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा? त्याच्या एका भागावर ठेवू नये. कॅबच्या छपराची आतली बाजू, बॉयलरच्या पोटाखालचा कोपरा, चौकटीच्या आतल्या भिंती इथे मूळ रंग टिकतो; न वापरलेली जुनी भोके पूर्वीचे यंत्र कसे बसत होते ते सांगतात; चार स्क्रूंपैकी एकच वेगळा असला तर कोणता भाग उघडला गेला ते कळते. या खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतात, म्हणून त्या एकमेकींना तपासतात. नेमके याच कारणासाठी ओळख पटेपर्यंत इंजिन घासूनपुसून चकचकीत करू नये. ओल्या फडक्याने आधी जातात ती पारदर्शक कागदावरून उतरवलेली अक्षरे, आणि नव्या रंगाखाली आतला कोपराही गेला तर मग विचारायला कोणी उरत नाही. बाजारभावही त्याच वेळी उतरतो. विजेचे जुने इंजिन चालते का हे पाहण्यासाठी घरातल्या प्लगला तर मुळीच लावू नये: हॉर्नबीचे 1925 चे पहिले विजेचे इंजिन, ‘मेट्रोपोलिटन’, घरातल्या विजेवरच, मध्ये रोध म्हणून दिवा जोडून चालवले जाई, आणि ती कल्पना धोक्याची म्हणून कारखान्यानेच पुढे कमी दाबाची यंत्रे आणली.

अशा इंजिनाची नोंद करताना एकाच ओळीत एकच नाव लिहिण्याचा मोह होतो, संग्रहालयांच्या पाट्यांनाही तो होतो. त्याऐवजी चार रकाने करावेत: पत्रा कोणाचा, विक्री कोणाची, रंग कोणत्या रेल्वेचा आणि म्हणून कोणत्या सालानंतरचा, आतले यंत्र मूळचे की बदललेले. एका इंजिनाच्या रकान्यांत न्यूरेंबर्ग, नॉर्दॅम्प्टन, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न आणि ‘मूळ चावी, नवी स्प्रिंग’ अशी उत्तरे येतील. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवावा, पट्टीवरचे नाव उचलून तिथे भरू नये.